जपानी शाळांतील पंगत

जपानच्या ईशान्य भागातील यामागाता प्रांतात त्सुरुओका नावाचे गाव आहे. तेथील दाइतोकुजी या बौद्ध मंदिराच्या आवारात १८८९ साली गरिबांच्या मुलांसाठी एक शाळा भरत असे. पुष्कळ मुलांजवळ दुपारचा डबाच नसे. तेव्हा भिक्षूंनी दारोदार फिरून पैसा-धान्य जमविले आणि मुलांना भाताच्या मुठी, भाजलेला खारा मासा व लोणचे विनामूल्य द्यावयास आरंभ केला. शाळेतील जेवणाला जपानीत ‘क्यूशोकु’ म्हणतात. त्याची कथा तेथील लोक बहुधा येथूनच सांगू लागतात.

पण आमच्या मते खरी अडचण पुढेच आहे. ही शाळा गरिबांचीच होती. तेथे कोणी कोणापुढे लाजण्याचे कारण नव्हते. ज्या शाळेत बहुतेक मुले घरचा डबा उघडतात आणि चारदोघांपुढे धर्मादाय वाडगा येतो, तेथे काय करावयाचे? पोट भरते, पण मान खाली जाते. १९३० नंतरच्या मंदीत व ईशान्येकडील नापिकीत उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या फार वाढली. १९३२ साली शिक्षणखात्याने प्रथमच सरकारी तिजोरीतून अशा मुलांच्या जेवणासाठी पैसा दिला. त्या वेळच्या आदेशात, हे गरिबांना केलेले साहाय्य आहे अशी भावना होऊ देऊ नये, अशी स्पष्ट सूचना होती. सूचना शहाणपणाची खरी. पण निवडक मुलांनाच वाढावयाचे आणि कोणाला कळू द्यावयाचे नाही, हे वर्गात कसे साधावे?

उत्तर मिळाले ते युद्धाच्या विध्वंसानंतर. आता उपासमार साऱ्यांचीच होती. १९४६ च्या डिसेंबरात सरकारने सर्वच मुलांना जेवण द्यावे असे धोरण ठरविले, आणि २४ डिसेंबरला तोक्यो, कानागावा व चिबा येथे त्याचा प्रयोग सुरू झाला. सामग्री आली ती अमेरिकेतील सेवाभावी संस्थांच्या ‘लारा’ या संघटनेकडून. त्या मदतीत परदेशी स्थायिक झालेल्या जपान्यांचाही वाटा होता, हे विसरू नये. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे कढत दूध त्या पिढीने नाक मुरडीत प्यायले. त्याच्या वासाची आठवण पुढे कित्येक वर्षे निघत राहिली.

१९५१ साली ज्या अमेरिकी निधीवर ही व्यवस्था चालत होती, तो बंद झाला. फी वाढली, काही शाळांत जेवण थांबले. तेव्हा ते चालू ठेवा, अशी मागणी देशभरातून झाली. १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. स्वयंपाकघर व नोकर यांचा खर्च शाळा चालविणाऱ्याने, म्हणजे बहुधा नगरपालिकेने, करावा आणि शिध्याचा पालकांनी, अशी त्यात वाटणी होती. गरीब घरांची फी भागविण्यास साहाय्य मिळू लागले. म्हणजे पैसे कोणी भरले हे ताटावरून कळण्याचा मार्ग उरला नाही. मात्र अमेरिकी गव्हाबरोबर पावही आला आणि ठाण मांडून बसला. भातावर वाढलेल्या या देशात शाळेच्या जेवणात भात रीतसर यावयास १९७६ साल उजाडले! दानाबरोबर देणाऱ्याची चवही येते, ती अशी.

आज तेथील प्राथमिक शाळेत दुपारी काय घडते? मुख्याध्यापक आधी स्वतः जेवून अन्न तपासतात. मग पाळीची मुले पांढरा अंगरखा व टोपी घालून, तोंडाला फडके बांधून, भांडी वर्गात आणतात आणि वाढतात. सर्वांची ताटे वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’, असे एकत्र म्हणून जेवण सुरू होते. शिक्षकही तेच अन्न त्याच वर्गात खातात. पुष्कळ शाळांत तो पांढरा अंगरखा कोणा एकाचा नसतो. आठवड्याची पाळी संपली की मूल तो घरी नेते. घरी तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी शाळेत परत येतो, आणि पुढच्या पाळीचे मूल तोच अंगात घालते.