एजिंग (विज्ञानपटातील प्रतिकृतींचे)

एजिंग : नव्याने बनवलेल्या वस्तूवर वापराच्या, झिजेच्या आणि हवामानाच्या खुणा उमटवून ती जुनी भासवण्याचे कलाविभागातील काम. सेट, कपडे आणि प्रॉपर्टी (पात्रे हाताळतात त्या वस्तू) या तिन्हींवर ते केले जाते. विज्ञानपटातील पिस्तूल, शिरस्त्राण किंवा यानाचा फलक बहुधा फोम शीट, एमडीएफ, फायबर किंवा थ्रीडी प्रिंटमधून येतो; धातूचा त्यात अंशही नसतो. ही वस्तू कोणाच्या तरी हातात वर्षानुवर्षे वापरली गेली आहे, हे प्रेक्षकाला पटवायचे ते एजिंगने. म्हणून वरून मारलेला मळकट हात एवढाच त्याचा अर्थ घेणे चूक आहे. प्रत्येक ओरखड्याला कारण असावे लागते, आणि ते कारण कारागिराला सांगता आले पाहिजे.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटातील याने आतून पांढरीशुभ्र, डागविरहित होती. जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) मुद्दाम याच्या उलट वाट धरली, त्याला वापरून जुने झालेले विश्व हवे होते. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनने विमानांच्या भंगारातले सुटे भाग सेटवर बसवले. लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीची मूठ त्याने लंडनमधील फोटोसामानाच्या दुकानात सापडलेल्या ग्राफ्लेक्स फ्लॅशच्या दांड्यापासून तयार केली आणि तिच्यावर कॅल्क्युलेटरमधील आकडे मोठे दाखवणाऱ्या भिंगांची पट्टी लावली. हान सोलो या पात्राचे पिस्तूल मुळात जर्मन बनावटीचे माउझर सी-९६ होते. या चित्रपटाला कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. त्यात वापरलेल्या या मूळ वस्तूंच्या अंगी खरा वापर होता. आजच्या प्रतिकृतिकाराला तोच वापर कोऱ्या प्लास्टिकवर शून्यातून उभा करावा लागतो, आणि ते अधिक कठीण आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीची मुळे विज्ञानपटाच्या कितीतरी आधीची आहेत. रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव नेपथ्य उभे करणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (‘सैरंध्री’, १९२०, ‘सिंहगड’, १९२३) आणि त्यांच्याच तालमीतले, ‘संत तुकाराम’चे (१९३६) एक दिग्दर्शक साहेबमामा फत्तेलाल यांना भिंत किती जुनी दिसली पाहिजे याची जाण होती. अलीकडचे उदाहरण म्हणजे नागपूरच्या आरती कडव यांचा हिंदी चित्रपट ‘कार्गो’ (२०१९). त्यातील पुष्पक ६३४-ए या यानात प्रहस्त नावाचा राक्षस मृतांना पुनर्जन्मासाठी सज्ज करतो. यानातील खटके, बटणे आणि जाडजूड यंत्रे गेल्या शतकातली वाटतात. अंतराळातली नोकरीही कंटाळवाणी होऊ शकते, हे त्या यंत्रांकडे पाहूनच कळते.

एजिंगचा अभ्यास पुस्तकापेक्षा रस्त्यावर चांगला होतो, आणि त्यासाठी भिवंडी तालुक्यातील वडपे हे उत्तम ठिकाण आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव गोदामांच्या पट्ट्यात येते. ट्रक, कंटेनर आणि टेम्पो यांची ये-जा अहोरात्र चालू असते. उभ्या ट्रकचा फाळका जवळून पाहावा. कडीभोवतीचा रंग हातांच्या घर्षणाने उडून पत्रा चकाकतो, पण दोन वितींवरचा रंग शाबूत असतो. खालच्या कडेला माल ओढल्याचे ओरखडे असतात. त्यांत वरचा रंग, त्याखाली आधीच्या मालकाचा रंग, मग रेड ऑक्साइडचा तांबूस थर आणि शेवटी लोखंड, अशी उतरंड दिसते. बोल्टच्या डोक्याखाली गंजाचा ओघळ सुरू होतो, तो वर गडद असतो आणि खाली विरत जातो. चाकांमागे चिखलाचे शिंतोडे, सायलेन्सरच्या बाजूला काजळी, आडव्या कडांवर धूळ. पावसाळ्यात हीच धूळ धुऊन निघते आणि फक्त खाचांत उरते. उलट नव्या कारागिराच्या प्रतिकृतीवर सगळीकडे सारखीच घाण दिसते. खरी वस्तू अशी कधीच मळत नाही.

प्रतिकृती रंगवण्याची कृती रंगाच्या या उतरंडीच्या उलट क्रमाने, तळापासून वर चालते. पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून घेतलेल्या वस्तूवर आधी चंदेरी रंग आणि त्यावर लॅकरचा संरक्षक हात दिला जातो. तो वाळला की हेअरस्प्रे मारतात आणि वर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग लावतात. थोड्या वेळाने ओल्या ब्रशने कडा घासल्या की हेअरस्प्रे पाण्याने सुटतो, वरचा रंग टवके निघावेत तसा उडतो आणि खालची चांदी उघडी पडते. हेअरस्प्रेऐवजी मिठाचे दाणे चिकटवूनही हे साधते. गंजाच्या फोडांसाठी तर मीठच बरे. मग तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडतात आणि फडक्याने वरून खाली टिपतात. आडवे पुसले तर ओघळ खोटा पडतो. मॅट वॉर्निशने सगळे बांधून झाल्यावर काळ्या भागांवर ग्रॅफाइटची पूड बोटाने घासावी. वॉर्निश नंतर दिले तर तिची धातूसारखी झाक मरते.

कोणता धातू दाखवायचा आहे हे आधी ठरवावे लागते. लोखंड तांबूस गंजते, पितळ काळवंडते आणि हिरवट होते, अॅल्युमिनियमवर पांढुरकी भुकटी येते. अॅल्युमिनियम म्हणून दाखवलेल्या भागावर तांबडा गंज चढवला की जाणत्याला तो खटकतोच. निर्वात अवकाशात तर गंज धरायला पाणी आणि ऑक्सिजनच नाहीत. तेथील झीज वेगळी असते. चंद्रावरची धूळ वाऱ्या-पाण्याने गुळगुळीत झालेली नसल्याने धारदार असते. अपोलो १७च्या (१९७२) अंतराळवीरांच्या पोशाखांचे बाह्य थर तिने घासून निघाले.

अवकाशातून परतलेल्या वस्तूचा नमुना महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. २ एप्रिल २०२२च्या रात्री आकाशात जळते पट्टे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. ते चिनी चांग झेंग ३-बी रॉकेटचे अवशेष असावेत, असा अंदाज वर्तवला गेला. यानाचा तुकडा बनवणाऱ्याने या अवशेषांची छायाचित्रे जरूर पाहावीत.

कोकणपट्टीतील हवा या कामात दोनदा आडवी येते. पावसाळ्यात दमट हवेत मारलेल्या लॅकरवर पांढरी साय धरते, त्यामुळे फवारणी उघडिपीच्या दिवसासाठी राखून ठेवावी लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत ठेवलेली पीएलए प्लास्टिकची प्रतिकृती वाकते, कारण हे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडते.

चित्रीकरणासाठी एकाच वस्तूच्या अनेक प्रती लागतात : क्लोज-अपसाठी नेटकी, मारामारीसाठी रबराची, आणि एखादी राखीव. सर्वांवरच्या खुणा जुळल्या पाहिजेत, म्हणून पहिल्या प्रतीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून त्यांवरून बाकीच्या रंगवल्या जातात. कथेत पुढे वस्तू अधिक झिजणार असेल, तर प्रत्येक टप्प्याची वेगळी प्रत करतात. एकदा उडवलेला रंग आधीच्या प्रसंगासाठी जसाच्या तसा परत बसवता येत नाही.