अनुशेषाचा नकाशा आणि रुग्णाची वाट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये हैदराबाद संस्थानातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदीचा साचा ठरलेला आहे. नद्या, पाऊस, पिके, सारा, पोलीस, शाळा आणि अगदी शेवटी वैद्यकीय सेवेच्या दोन-तीन ओळी: जिल्ह्यात दवाखाने किती, आत ठेवून घ्यायला जागा किती, वर्षभरात देवी किती जणांना टोचल्या. त्याच नोंदीत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्याही दिलेली आहे. १८९१ मध्ये सुमारे सहा लाख बत्तीस हजार आणि १९०१ मध्ये सुमारे पाच लाख चार हजार. दहा वर्षांत पाच माणसांमागे एक माणूस कमी झाला. कारण म्हणून १९०० च्या दुष्काळाचे नाव दिले आहे. दवाखान्यांच्या ओळी आणि हा आकडा एकाच नोंदीत आहेत, तरी त्यांची गाठ पडत नाही. माणसे कुठल्या तालुक्यात दगावली, त्यांना जवळचा दवाखाना किती कोसांवर होता, तिथवर पोचायला वाट होती का, हे त्या साच्यात बसतच नव्हते. माझे म्हणणे असे की नांदेड-लातूरच्या आरोग्याचा इतिहास समजून घेताना आपण आजही त्याच साच्यातून पाहतो. जिल्ह्यात काय आहे ते मोजतो, रुग्ण कुठून कुठे जातो ते मोजत नाही. मागासलेपण भरून काढायला निघालेली आपली सगळी धोरणे या एका सवयीमुळे ठरावीक ठिकाणी जाऊन थांबली.

रुग्णाची वाट ठरवली ती आधी राजधानीने आणि मग रेल्वेने. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि नांदेड थेट हैदराबादशी जोडले गेले. मोठे दुखणे म्हणजे हैदराबाद, पुढे तिथले उस्मानिया रुग्णालय, हा हिशेब तेव्हापासूनचा. लातूरची गोष्ट निराळी. ते त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते आणि तिथे १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोचली. तिचे तोंड बार्शी-कुर्डुवाडीकडे, म्हणजे इंग्रजी मुलखाकडे. पुढे ती मिरजेपर्यंत गेली आणि मिरजेत डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशनचे रुग्णालय होते. एकाच संस्थानातली ही दोन गावे, पण एकमेकांकडे पाठ केलेली. आजही लातूरकडचा रुग्ण सोलापूर, बार्शी, पुणे असा विचार करतो आणि देगलूर-धर्माबादचा रुग्ण निजामाबाद, हैदराबाद असा. मराठवाडा हा एक विभाग मानून काढलेली कुठलीही सरासरी या दोन दिशांना एकत्र कालवून टाकते. दिशेइतकाच प्रश्न अंतराचाही होता. ऑगस्ट १८९७ मध्ये हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात सापडले, तेही याच संस्थानाच्या हद्दीत, सिकंदराबादच्या छावणीजवळ रोनाल्ड रॉस यांना. त्या शोधापासून किनवटच्या जंगलातल्या तापापर्यंतचे अंतर मात्र पुढची कित्येक दशके कापले गेले नाही. राजधानीत जे होते ते जिल्ह्यात नव्हते, आणि जिल्ह्याच्या गावात जे होते ते डोंगरावर नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रचना झाली आणि या वाटांवर रेघा ओढल्या गेल्या. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडले. आदिलाबादचा किनवट नांदेडला आला. नांदेडचा मुधोळ आणि देगलूरमधली बिच्चकुंदा-जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच होते आणि त्यासाठी लोकांनी मोठा लढा दिला होता. पण उदगीरला बिदर जितके जवळ होते तितकेच राहिले. किनवटहून आदिलाबाद नांदेडच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, तेही जसेच्या तसे. हैदराबाद दुसऱ्या राज्याची राजधानी झाले आणि मराठवाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला निघाले, नांदेडहून अडीचशे किलोमीटरवर. सगळा दोष निजामाच्या राजवटीचा, असे म्हणणारे इथवर बरोबर आहेत. सुरुवात खालून झाली हे नाकारता येत नाही. पण ते कारण १९५६ पर्यंत पुरते. त्यानंतर नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला १९८८ उजाडले, लातूरला २००२. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेवढे आधी, १९७४ चे. त्याच वर्षी मराठवाडा विकासाचे आंदोलन पेटले आणि वसमतला गोळीबारात दोन विद्यार्थी गेले. इतकी वर्षे लातूरसारख्या गावात जे उभे राहिले ते बरेचसे लोकांच्या हिमतीवर. १९६६ मध्ये तरुण डॉक्टरांनी सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण.

आंदोलनाने प्रश्न ऐरणीवर आणला आणि १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिच्या १९८४ च्या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसवला. पद्धत सरळ होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याची तूट मोजायची आणि तिची किंमत रुपयांत लावायची. एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या घरात निघाला, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी. या कामाचे मोल फार मोठे आहे. त्याआधी मागासलेपण ही भाषणातली तक्रार होती, समितीने तिला हिशेबाची वही दिली. तरीही त्या वहीचे एकक जिल्हा होते. तूट जिल्ह्याची म्हटल्यावर जिल्ह्यात कुठेही काही बांधले तरी ती भरल्यासारखी दिसते, आणि बांधायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले, मग आरोग्य मागे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नेत्यांनी काही केले नाही हे उत्तर खरे नाही. संस्था आल्या, मोठ्या आल्या. त्या जिथे मोजल्या जातात तिथे आल्या. लातूर शहरात आज सरकारी आणि खासगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जळकोट किंवा देवणीच्या माणसाला त्यांचा किती उपयोग होतो, हे जिल्ह्याच्या सरासरीवरून कळणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पैसा जिल्ह्यामार्फत जातो, आकडे जिल्ह्याचे मिळतात, आणि मोठे उपचार एका जागी एकवटावेच लागतात. हृदयाची शस्त्रक्रिया प्रत्येक तालुक्यात होऊ शकत नाही, तेव्हा केंद्र जिल्ह्यालाच असणार. हे मान्य आहे. पण आक्षेप सगळ्या दुखण्यांना एकाच मापाने मोजतो. बाळंतपणानंतर रक्त थांबेनासे झाले तर बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. माहूरच्या डोंगरातल्या गोंड किंवा कोलाम पाड्यावरून नांदेडचे मोठे रुग्णालय दोन तासांत गाठणे होत नाही. मधल्या जागी रक्ताच्या पिशव्या साठवायचा फ्रिज, चालू वीज आणि भूल देणारा माणूस असला तर ती वाचते. या तीन गोष्टी खाटांच्या हिशेबात दिसत नाहीत. आदिवासी भागासाठी निकष सैल करून वीस हजार लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे उपकेंद्र ठरवले गेले, ते चांगलेच झाले. पण तो निकषही डोकी मोजतो, घाट आणि पूर आलेले ओढे मोजत नाही.

आकडे जिल्ह्याचेच मिळतात, या म्हणण्याला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. ते नारूचे. महाराष्ट्र हे नारूच्या सात राज्यांपैकी एक. पायऱ्या उतरून बारवेत पाय बुडवायचे, घागर भरायची, आणि वर्षभराने पायावर फोड येऊन त्यातून पांढरा दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायचा. काडीला गुंडाळत तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस ऐन पेरणीत आडवा. १९८० च्या दशकात निर्मूलनाची मोहीम सुरू झाली तेव्हा या रोगाचा जिल्हावार नकाशा कामाचाच नव्हता. कार्यकर्ते गावोगाव फिरले, कुठल्या घरात रुग्ण आहे आणि ते घर कुठल्या पाणवठ्याचे पाणी पिते हे लिहिले. त्या पाणवठ्यात औषध टाकले, पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्यातून गाळायला शिकवले. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठी कुठलेही मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही. विहिरीच्या मापाचा नकाशा काढता येतो हे तेव्हा सिद्ध झालेले आहे, आणि तोही संगणकाशिवाय.

याउलट चौकट चुकली की काय होते ते दोन प्रसंगांनी दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेकडो जखमींना एकाच वेळी शस्त्रक्रिया हवी होती आणि लातूर जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. माणसे लातूरला, उमरग्याला आणि सोलापूरला नेली गेली. औशाच्या दक्षिणेकडच्या गावांना सोलापूरची वाट जुनीच होती. दुसरा प्रसंग नांदेडचा. सप्टेंबर २०२३ संपता संपता तिथल्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात बाळे. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, औषधखरेदी आणि रिक्त जागा यांवर बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. पण त्या रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरून रुग्ण येत होते. मंजूर खाटा एका जिल्ह्याच्या हिशेबाने आणि भार चार जिल्ह्यांचा. जन्मून काही तास झालेले बाळ रात्री शंभर किलोमीटर आणले जाते तेव्हा त्याचा मृत्यू नांदेडच्या खात्यावर लिहिला जातो, आणि जिथे त्याला ऊब आणि प्राणवायू मिळायला हवा होता त्या गावाचे खाते कोरेच राहते. परभणीला आणि हिंगोलीला आता वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. भार वाटला जाईल. किनवटची वाट मात्र त्याने कमी होत नाही.

सीमेवरच्या लोकांनी आपला नकाशा पायांनी काढलेलाच आहे. २०१८ मध्ये धर्माबादकडच्या काही गावांनी तेलंगणात जायची मागणी केली, तेव्हा ती फुटीरपणाची म्हणून उडवून लावली गेली. तीत सोयींच्या अंतराची तक्रार होती, ती ऐकायला हवी होती. हा नकाशा कागदावर आणायला नवी पाहणीही लागत नाही. सरकारी दवाखान्यात खिडकीवर केसपेपर निघतो त्यावर नावाखाली गाव आणि तालुका लिहिलेला असतो. उपकेंद्रातून वर पाठवताना रेफर चिठ्ठीवर वेळ टाकतात. १०८ ची गाडी माणूस कुठून उचलला आणि कुठे उतरवला हे नोंदवते. महिन्याचा अहवाल जातो तो मात्र संस्थेचा: अमुक रुग्णालयात इतकी बाळंतपणे, इतके मृत्यू. गावाचा रकाना तिथेच, खिडकीमागच्या गठ्ठ्यात बांधून राहतो.