कर्जाचा पत्ता बदलला

1913 साली अमेरिकेत आयकर आला, तेव्हा जवळपास कुठल्याही कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा करता येई. यात घर घेणाऱ्यांची कणव वगैरे नव्हती. पहिले 3,000 डॉलर (विवाहितांना 4,000) करमुक्त, त्यामुळे बहुतेकांना कर लागतच नसे. ज्यांना लागे, त्यांचं धंद्याचं व्याज कोणतं आणि घरचं कोणतं हे वेगळं काढणं किचकट होतं. ‘अमेरिकन ड्रीम’चं लेबल वजावटीवर नंतर चिकटलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं: कुणीतरी सोयीसाठी ठेवलेलं डिफॉल्ट पुढे फीचर म्हणून विकलं जातं.

मग क्रेडिट कार्डं आली आणि त्यांचं व्याजही वजा होऊ लागलं. 22 ऑक्टोबर 1986 रोजी रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ते थांबवलं. कार्ड, गाडी यांच्या व्याजाची वजावट 1991पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. घर तारण असलेलं कर्ज तेवढं वाचलं.

मग व्हायचं तेच झालं. घराची आजची किंमत वजा फेडायचं राहिलेलं कर्ज, म्हणजे होम इक्विटी. ती तारण ठेवून लोक गाडी घेऊ लागले, कार्डाची थकबाकी फेडू लागले. 28 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 800 डॉलर व्याजामागे 224 डॉलर कर वाचे. काँग्रेसने 1987मध्ये अशा कर्जाला 1 लाख डॉलरची मर्यादा घातली, पण पैसे कुठे खर्च केले हे विचारलंच नाही. गाडीचं साधं कर्ज थकलं तर बँक गाडी नेते. इथे गाडीपायी घर जाऊ शकत होतं.

टेक्सास मात्र बराच काळ अडून बसलं. तिथल्या राज्यघटनेने राहत्या घरावर असं कर्ज काढूच दिलं नव्हतं. 1997च्या मतदानात तिथेही दार उघडलं, पण सगळी कर्जं मिळून घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच. मला ही अट त्या वजावटीपेक्षा जास्त शहाणी वाटते. 2008च्या आसपास किमती कोसळल्या, तेव्हा देशभर लाखो घरांवरचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं होतं.

पैसे कुठे गेले, हा प्रश्न 2017च्या कायद्याने विचारला. 2018पासून तेच घर घ्यायला, बांधायला किंवा मोठी सुधारणा करायला पैसे वापरले असतील तरच व्याज वजा होतं. ही तात्पुरती तरतूद 2025मध्ये कायम झाली. (आपल्या 1961च्या आयकर कायद्याचं कलम 24 कर्ज घरासाठीच घेतलं का, हेच बघायचं.) आता न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने घर तारण ठेवून स्वयंपाकघर नव्याने बांधलं, तर व्याज वजा होऊ शकतं. मुलीच्या कॉलेजची फी भरली तर नाही. हप्ते थकले तर घर मात्र दोन्हीकडे जातं.