भौतिक, लिखित, मौखिक : एका जुन्या गाडीचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीने बजावलं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू तुझ्या त्या गाडीबद्दल लिही." म्हणून गाडीबद्दल लिहायला बसले आणि आठवली ती शाळाच. इतिहासाच्या बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले होते : भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. किल्ले आणि नाणी पहिल्यात, ताम्रपट आणि बखरी दुसऱ्यात, ओव्या आणि पोवाडे तिसऱ्यात. आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलं. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, सॉफ्टवेअरमध्ये रमले आणि इतिहासाचा संबंध संपला. चाळिशीत तो पुन्हा जुळला, तो एका गाडीमुळे.

ही गाडी म्हणजे १९७५ सालची एमजीबी. दोन जणांची, कापडी टप मागे दुमडता येणारी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ राहते. तिथे २०१८ साली ती घेतली. स्पोर्ट्‌स कार म्हटलं की करोडो रुपयांची गाडी डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. साध्या नोकरदाराला परवडावी म्हणूनच ती काढली होती आणि आजही घरच्या गॅरेजात, साध्या पान्यांनी ती उघडता येते. माझे बहुतेक शनिवार तिच्या खाली पाठीवर झोपून जातात.

अशी गाडी घेतली की पहिल्या दिवसापासून लोक एकच प्रश्न विचारतात, "सगळं मूळचंच आहे ना?" हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

एमजी ही अक्षरं 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची. विल्यम मॉरिस यांचा मोटारींचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे होता आणि मॉरिस गॅरेजेस ही शहरातली त्यांची विक्री-दुरुस्तीची पेढी. १९२२ साली सेसिल किंबर तिथे व्यवस्थापक झाले. कारखान्यातून आलेल्या सरळसाध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर वेगळी, हलकी आणि देखणी बॉडी चढवून विकायची कल्पना त्यांची. त्यातून एमजी जन्मली आणि १९२९ साली ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन गावी तिने स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं. म्हणजे ज्या घराण्यात लोक 'मूळचं' शोधतात, त्या घराण्याची सुरुवातच दुसऱ्याच्या गाडीत फेरफार करून झाली आहे.

एमजीबी आली १९६२ साली. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळा सांगाडा आणि त्यावर बॉडी अशी रचना होती. एमजीबीत सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगाडा काढून टाकला आणि बॉडीच्या पत्र्याच्या पेट्यांनाच सगळा भार पेलायला लावला. इंजिन मात्र नवं नव्हतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या कुटुंबवत्सल गाड्यांत बसवलं जाणारं ओतीव लोखंडाचं बी-सिरीज इंजिन घेऊन ते १७९८ सीसीपर्यंत वाढवलं होतं. दोन कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती. बाजारहाट करणाऱ्या गाडीचंच हृदय, फक्त जरा व्यायाम केलेलं.

आता तिसऱ्या रकान्याकडे येते. आपल्या वर्गातल्या काहींना माझे बाबा आठवत असतील. सरकारी कार्यालयात ते ड्रायव्हर होते आणि दुपारी कधीकधी साहेबांची पांढरी अ‍ॅम्बेसेडर शाळेच्या फाटकाजवळ सावलीत उभी असायची. २०१९ च्या जूनमध्ये बाबा आणि आई माझ्याकडे आले. मी मोठ्या कौतुकाने गाडी सुरू करून दाखवली. बाबांनी गाडीच्या रूपाकडे फारसं पाहिलंच नाही. बॉनेटवर तळवा ठेवून ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. टॅपेट वाजतायत. बंद कर आणि गार होऊ दे."

बाबांची ओळख अगदी बरोबर होती. अ‍ॅम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. हिंदुस्तान मोटर्सने कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ती बनवायला घेतली आणि थोड्याच काळात तिला १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन दिलं. एमजीएची सुरुवातही याच १४८९ सीसीच्या इंजिनाने झाली होती. एमजीबीत ते वाढलं, अ‍ॅम्बेसेडरमध्ये आपल्या मापात राहिलं. एक भाऊ इंग्लंडच्या घाटरस्त्यांवर टप उघडून फिरला, दुसरा आपल्याकडे साहेबांना घेऊन दौऱ्यावर गेला. मी वर्षभर या गाडीचं मॅन्युअल वाचत होते, पण घरातलंच हे नातं मला त्यात दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बाबांनी मला 'नऊचा हिशेब' शिकवला. या इंजिनात ओळीने आठ व्हॉल्व्ह असतात. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची, सहावा असेल तेव्हा तिसऱ्याची. बेरीज कायम नऊ. स्पार्क प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मी ती इंच इंच पुढे ढकलत होते आणि बाबा वाकून सांगत होते, "थांब. आता पाचवा बघ." एमजीबीच्या मॅन्युअलमध्ये फट दिली आहे इंचाच्या हजाराव्या भागाचे पंधरा भाग, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी त्यातून ओढताना हाताला किती अडकली पाहिजे, हे मात्र कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही. बाबांनी माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून ते दाखवलं. मौखिक साधन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या रकान्याचा धडा मात्र जरा कडू होता. माझ्या गाडीला चकचकीत क्रोमचे बंपर नाहीत. पुढे-मागे काळ्या रबरासारखे जाडजूड ठोकळे आहेत. अमेरिकेने सत्तरच्या दशकात नियम केला, की ताशी ५ मैल वेगाच्या धडकेत गाडीच्या दिव्यांना आणि इतर महत्त्वाच्या भागांना इजा होता कामा नये. बंपर किती उंचीवर हवेत हेही ठरलं. एमजीबीची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच होती. १९७४ च्या शरदात काळे बंपर आले आणि उंचीचं गणित जुळवायला गाडीच इंच-दीड इंच वर उचलली गेली. त्याच वेळी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलंडू नये म्हणून बसवलेला लोखंडी दांडा, खर्च वाचवायला काढून टाकला. गाडी उंच झाली आणि आधारही गेला. १९७६ मध्ये कंपनीने तो परत बसवला. माझी गाडी नेमकी मधल्या काळातली. वळणावर ती बोटीसारखी झुकायची.

फेरफार करणारे हौशी लोक कंपनीच्या पुढे कसे असतात, याचा नमुना म्हणजे व्ही-एट. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्लिश कारागिराने आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-एट इंजिन एमजीबीत बसवलं. ते ॲल्युमिनियमचं असल्यामुळे ताकद कितीतरी वाढली, पण वजन जवळपास तेवढंच राहिलं. या गाड्या गाजल्या आणि १९७३ साली कंपनीने स्वतःच एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या निघाल्या. आज त्या 'मूळच्या' म्हणून जपल्या जातात आणि कॉस्टेलोने बदललेल्या गाड्याही तितक्याच आदराने सांभाळल्या जातात.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने कारखान्याची ५० वर्षं साजरी केली आणि लगोलग तो बंद होणार असल्याची बातमी आली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या होत्या. कारखाना गेल्यावर गाडी संपायला हवी होती. पण मालकांनी ती सोडली नाही. त्यांचे क्लब होते, सुटे भाग बनवणारे छोटे व्यावसायिक होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने पत्रे दाबण्याचे जुने साचे गोळा केले आणि १९८८ साली एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी विकायला काढली. बंद पडलेल्या गाडीची कोरी बॉडी! जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल नव्या बॉडीत घातले, तर ती गाडी जुनी की नवी? या प्रश्नावर इथल्या मेळाव्यांत चहाचे कप गार होतात.

माझ्यापुरता हा प्रश्न २०२० च्या लॉकडाउनमध्ये जिवावरचा झाला. ब्रिटनमध्ये २०१८ च्या मे महिन्यापासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, फक्त गेल्या ३० वर्षांत त्यांच्यात मोठे मूलभूत बदल झालेले नसावेत. माझ्या गाडीलाही सूट होती, आणि मीही निर्धास्त होते. एका शनिवारी मागच्या बाजूला जॅक लावून गाडी उचलली आणि सहज दार उघडायला गेले, तर ते उघडेना. चौकटीत गच्च रुतलं होतं. जाणकाराला एवढी खूण पुरते. या गाडीला छप्पर नाही, त्यामुळे दारांखालच्या लांब पत्र्याच्या पेट्याच, ज्यांना सिल म्हणतात, तिचा कणा असतात. तो कणा मोडत असेल तर गाडी मधोमध वाकते आणि दार अडकतं.

रंग खरवडला. वर सुंदर पत्रा, खाली पुट्टी, त्याखाली गंजाचा भुगा. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने आतली भिंत खाल्ली होती आणि कुणीतरी कधीतरी ती न कापता वरून नवा पत्रा मारून झाकली होती. आदल्या वर्षी याच गाडीत बाबांना शेजारी बसवून मी महामार्गावर गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दाराच्या चौकटीत आधी आडवे दांडे बांधून गाडी ताठ ठेवली. मग मी सडलेला भाग कापला आणि नव्या सिलचं वेल्डिंग एका जाणत्या वेल्डरकडून करून घेतलं. ते काम चार महिने चाललं. पण त्या झाकलेल्या गंजाने मला 'मूळचं' या शब्दाचा अर्थ शिकवला. त्या माणसाने गाडी बदलली, ही त्याची चूक नव्हती. बदलल्याचं लपवलं, ही चूक होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद ठेवल्याशिवाय एक ओळही पुढे जात नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनदही हेच सांगते : बदल करावेच लागले तर शक्यतो परत फिरवता येतील असे करा आणि त्यांची नोंद ठेवा.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे, आपण शाळेत वापरायचो तशी दोनशे पानी. अँटी-रोल बार बसवला : नोंद आहे, बोल्ट काढले की निघतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं : जुने पॉइंट डब्यात, डब्यावर तारीख. २०२१ साली इथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, जुनं रबर त्याने खराब होतं म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या : नोंद आहे. आधीच्या मालकाने डिक्कीत क्रोमचे बंपर आणून ठेवले होते. ते बसवायला पुढचे-मागचे पत्रे कापावे लागतात. ते मी केलं नाही. काळे बंपर कुरूप आहेत, हे मान्य. पण दूरच्या एका देशाच्या कायद्याने एका गावातल्या गाडीचा चेहरा कसा बदलला, याचं ते भौतिक साधन आहे. ते कापायचं तर पुरावाच नष्ट करायचा.

तर "सगळं मूळचंच आहे ना?" या प्रश्नाला मी आता सांगते, "नाही. पण काय काय बदललं ते सगळं लिहिलेलं आहे."

वहीचं पहिलं पान मात्र गाडीबद्दल असूनही माझ्या अक्षरात नाही. बाबांचं वय आता ८१ आहे आणि एवढा प्रवास त्यांना झेपत नाही. मागच्या दिवाळीला गावी आले तेव्हा वही सोबत आणली आणि त्यांना नऊचा हिशेब लिहून द्यायला सांगितला. त्यांनी आठ व्हॉल्व्हची आकृती काढली, आकडे घातले आणि खाली लिहिलं, "इंजिन गार असताना. घाई करू नये."

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी जुनी शिलाई मशीन असेल, तेलाचा घाणा असेल, वडिलांची स्कूटर पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल. वस्तू कदाचित टिकतील, कागदही मिळतील. तिसरा रकाना मात्र माणसांबरोबर जातो. या मेळाव्याहून घरी गेल्यावर एक वही घ्या आणि पहिलं पान त्यांना लिहू द्या.