डॉलर वनची कुळकथा

मुळशी म्हटलं की धरण, ताम्हिणीचा पाऊस आणि आंबेमोहोर आठवतो. पण हिंजवडी आणि माण ही गावंही मुळशी तालुक्यातलीच. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये बसून लोक ज्या शेल स्क्रिप्ट लिहितात, बॅकअप घेणाऱ्या, जुने लॉग पुसणाऱ्या, त्यांचं मूळ साठ वर्षांमागे अमेरिकेतल्या एमआयटीत सापडतं.

एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावं म्हणून तिथे सीटीएसएस ही प्रणाली उभी राहिली होती. १९६३ च्या सुमारास लुई पूझँ हे फ्रेंच अभियंते तिथे दाखल झाले. डझनावारी कमांड लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, आहेत त्याच कमांड जोडून नव्या कमांड का करता येऊ नयेत? त्यातून त्यांनी रनकॉम लिहिलं. फाइलमध्ये कमांड ओळीने लिहायच्या आणि ती फाइल रनकॉमच्या हवाली करायची. आजही शेलच्या सेटिंगच्या फाइलींच्या नावाअखेरीस जे ‘आरसी’ दिसतं, ते याच रनकॉमचं.

पण नुसती यादी ओळीने चालवणं ही माझ्या मते अर्धीच गोष्ट. रनकॉमचा खरा जीव आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे चालवताना ऐनवेळी दिलेल्या शब्दांत होता. पूजेच्या पोथीत संकल्प छापलेला असतो आणि गोत्र, नाव यांच्या जागी ‘अमुक’ असतं. गुरुजी ऐनवेळी यजमानाचं गोत्र आणि नाव घालतात. रनकॉमनेही फाइलमध्ये अशाच जागा मोकळ्या ठेवल्या. एकाने एकदा लिहिलेलं काम त्यामुळे दुसऱ्याच्याही उपयोगी पडू लागलं. लोक संध्याकाळी लांबलचक रनकॉम लावून घरी जाऊ लागले आणि काम रात्रभर चालत राहिलं, असं पूझँ यांनीच पुढे सांगितलं आहे.

१९६५ मध्ये ते फ्रान्सला परतले. जाण्यापूर्वी त्यांनी मल्टिक्स या नव्या प्रणालीसाठी अशा साधनाचा आराखडा लिहिला आणि त्याला ‘शेल’ हे नाव दिलं. तो प्रत्यक्षात आणला ग्लेंडा श्रोडर यांनी. श्रोडर यांचं नाव आपल्याकडे जवळपास कुणी घेत नाही, आणि ते घ्यायलाच हवं.

बेल लॅब्सने मल्टिक्समधून अंग काढून घेतल्यावर तिथल्याच केन थॉम्पसन यांनी युनिक्स घडवलं. त्यांच्या शेलमध्ये मोकळ्या जागेची खूण होती डॉलर आणि पुढे एकच आकडा: डॉलर झिरो म्हणजे स्क्रिप्टचं स्वतःचं नाव, डॉलर वन म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट. त्या एका आकड्याची सवय आजच्या बॅश या शेलमध्येही आहे. डॉलरपुढे सरळ दहा लिहिलं, तर शेल पहिलं आर्ग्युमेंट घेतो आणि त्याला शून्य चिकटवतो. दहावं हवं असेल, तर आकडा महिरपी कंसात टाकावा लागतो.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्ह बोर्न यांचा शेल आला. फाइलचं नाव ‘पौड रस्ता’ असेल, तर मधल्या स्पेसमुळे शेल त्याचे दोन तुकडे करतो. बोर्न यांच्या शेलमध्ये अवतरणचिन्हांतलं "$@" आलं आणि आलेली सगळी आर्ग्युमेंट जशीच्या तशी, न तुटता पुढे धाडता येऊ लागली. पाठोपाठ डेनिस रिची यांनी स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणाऱ्या, पहिल्या ओळीतल्या #! या खुणेची सोय केली. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश आलं. आपल्याकडे कित्येकांनी हे सगळं नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या युनिक्स शेलवरच्या पुस्तकातून शिकून घेतलं.

मोकळी जागा मोकळीच राहिली, तर मात्र घात होतो. ‘डेटा’ फोल्डरमधला, डॉलर वनमध्ये आलेल्या नावाचा उपफोल्डर पुसायची ओळ घ्या. स्क्रिप्ट चालवताना नाव द्यायचं राहिलं, तर डॉलर वनच्या जागी काहीच येत नाही, मागे नुसता ‘डेटा’ उरतो आणि आरएम कमांड तो अख्खा पुसून टाकते. म्हणून जाणती माणसं सुरुवातीलाच $# तपासतात. किती आर्ग्युमेंट आली, तो आकडा त्यात असतो. तो शून्य असेल, तर स्क्रिप्ट कशी चालवायची ते पडद्यावर छापून तिथेच थांबायचं. थांबताना एक्झिट कोड शून्य द्यायचा नाही, एक द्यायचा, म्हणजे काम झालेलं नाही हे पुढच्या स्क्रिप्टलाही कळतं.