सिॲटलचे सरोवर

मंडळी, मैलापाणी शुद्ध करून सोडले की झाले, असे आपल्याला वाटते ना? अमेरिकेतील सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात लोक पोहत, होड्या वल्हवीत. आणि भोवतालच्या वस्त्या शुद्ध केलेलेच मैलापाणी त्यात सोडीत. पण त्यात फॉस्फरस उरे. शेवाळाला ते खतच की! १९५५ साली प्राध्यापक एडमंडसन यांना एका उपद्रवी शेवाळाची चाहूल लागली. पुढे उन्हाळ्यात दोरीने सोडलेली पांढरी तबकडी दोन हातांखाली दिसेनाशी झाली. मार्च १९५८ च्या मतदानात उपनगरांची मते कमी पडून योजना फसली; सप्टेंबरात, नुसत्या मैलापाण्यापुरती मांडल्यावर, मंजूर झाली. १९६३ ते १९६८ मध्ये ते पाणी टप्प्याटप्प्याने सरोवराबाहेर वळवले. १९७६ नंतर तबकडी दहा हातांखालीही दिसू लागली.