वादी

कोर्टाच्या कागदावरचा ‘वादी’ संस्कृत ‘वद्’ धातूचा. वद् म्हणजे बोलणे, म्हणून वादी म्हणजे बोलणारा. त्याला उलट बोलणारा तो प्रतिवादी.

पण इजा हजारोंना झाली तर बोलायचे कोणी? दिवाणी प्रक्रिया संहितेत एकाने अनेकांसाठी दावा लावण्याची सोय आहे, मात्र बाकीच्यांना तशी सूचना द्यावीच लागते. भोपाळमध्ये वेगळेच घडले. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि १९८५ च्या खास कायद्याने सगळ्या पीडितांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकट्या केंद्र सरकारकडे गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे जळली, त्यांना आधी कोणी विचारलेच नाही! माझ्या मते हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय. त्यांचे म्हणणे आधी ऐकायला हवे होते, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात मान्य केले. १९९१ मध्ये तडजोडीची रक्कम मात्र तीच ठेवली. सरकारने पुढे मागितलेली वाढीव भरपाईही २०२३ मध्ये नाकारली गेली.